नासरेथकर

मननाचा शास्त्रभाग : मत्तय २६:६९–७५ व प्रेषितांची कृत्ये २:१–१३



आपल्या मराठी पवित्र शास्त्रातील पत्रांची नावे एकदा मोठ्याने वाचून पाहा. रोमकरांस पत्र, करिंथकरांस पत्र, इफिसकरांस पत्र, फिलिप्पैकरांस पत्र. हा ‘कर’ कोठून आला? मूळ ग्रीक भाषेत तो नाही. पैठणचा तो पैठणकर, नेवाशाचा तो नेवासकर, पेणचा तो पेणकर, अशी जी आपली बोलण्याची रीत, तीच धरून भाषांतरकारांनी पौलाच्या मंडळ्यांस नावे दिली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. योसेफ अरिमथाईकर झाला, क्रूस वाहणारा शिमोन कुरेनेकर झाला, आणि आपला प्रभू नासरेथकर झाला.

पुष्कळ गावांत आपल्या माणसांस हे बोल ऐकावे लागतात की, “तुम्ही साहेबाच्या धर्मात गेलात, तुम्ही आता इकडचे राहिला नाहीत.” या बोलाने तरुण मनास फार क्लेश होतात. कोणी रागावतो, कोणी लाजतो, आणि कोणी खरोखरच आपण येथले नाही असे मानू लागतो. म्हणून मनुष्याची भाषा आणि त्याचे ठिकाण यांविषयी देवाचे वचन काय शिकविते, याचा आज आपण विचार करू.

पहिली गोष्ट ही की, आपल्या प्रभूला मातृभाषा होती. शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली. कारण ती त्या काळी दूरदूरच्या लोकांस कळत असे. तथापि मार्काने चार ठिकाणी प्रभूचे अरामी शब्द जसेच्या तसे ठेविले आहेत. याईराच्या मेलेल्या मुलीचा हात धरून प्रभू ‘तलीथा कूम’ म्हणाला. बहिऱ्याचे कान मोकळे करिताना ‘इफ्फाथा’ म्हणाला. गेथशेमाने बागेत पित्यास ‘अब्बा’ अशी हाक मारिली. वधस्तंभावर ‘एलोई’ असा टाहो फोडिला. ही चार ठिकाणे कोणती ते पाहा. लेकराचे अंथरूण, रोग्याचा स्पर्श, एकांतातील प्रार्थना आणि मरणाची घटका. मनुष्य बाजारात कोणतीही भाषा बोलो. लेकरास उठविताना, दुखणाइताजवळ बसताना, देवापुढे रडताना व मरताना त्याच्या तोंडून घरचीच बोली निघते. देवाच्या पुत्राने देह धारण केला तेव्हा ही बोलीही त्याने धारण केली. तो कोठल्याच गावचा नाही असा आला नाही. तो नासरेथकर म्हणून आला.

दुसरी गोष्ट पेत्राची. मुख्य याजकाच्या वाड्यात तो विस्तवाशी शेकत बसला असता लोकांनी त्यास ओळखिले, ते त्याच्या बोलण्यावरून. गालीलाकडील हेल त्यास लपविता आला नाही. यरुशलेमेतील शहाण्या लोकांस ती खेडवळ बोली वाटत असे. पेत्र घाबरला, शपथा वाहू लागला, आणि प्रभूस नाकारून बसला. परंतु पुढे पन्नासाव्या दिवशी काय घडले? त्याच नगरात, पार्थी, मेदी, एलामी, मिसरातले व अरबस्तानातले लोक जमले असता, त्यांनी पहिले आश्चर्य हेच केले की, हे बोलणारे सगळे गालीलीच ना! ज्या ओळखीची पेत्रास रात्री भीती वाटली होती, तीच ओळख दिवसाढवळ्या देवाच्या सामर्थ्याची साक्ष झाली.

आणि पवित्र आत्म्याने त्या दिवशी सर्वांस एक भाषा शिकविली नाही, हेही लक्षात ठेवावे. ऐकणारांस गालीली बोली शिकण्याची आज्ञा झाली नाही. ज्याने त्याने देवाची महत्कृत्ये आपापल्या जन्माच्या भाषेत ऐकिली. आत्मा मनुष्याच्या दारी आला, तो त्याच्या घरची भाषा बोलत आला.

आपल्या देशातील मंडळीच्या इतिहासावरूनही हेच दिसून येते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यास आला. त्याने येथल्या लोकांची भाषा शिकून ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचिले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. परंतु त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने असा हुकूम काढिला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. एकाने परका असून लोकांची भाषा आपली केली; दुसऱ्याने लोकांस त्यांच्याच घरात परके करू पाहिले. हुकूम कागदावर राहिला. कोंकणी लोकांच्या चुलीपाशी जिवंत राहिली, आणि १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. त्या काळी मंडळीत इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर पुष्कळ गायिली जात. टिळकांनी अभंग, ओवी व कीर्तन ही आपल्या मातीतील साधने प्रभूच्या चरणी वाहिली. आज ज्या बाईस अक्षर येत नाही तीही त्यांची पदे दळताकांडताना म्हणते, कारण ती तिला कोणी पाठ करविली नाहीत; ती तिच्या जिभेस ओळखीचीच होती.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर याहून विचार करण्याजोगे आहे. १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळ येथील रानात त्यांचा जन्म झाला. बालपण आईबापांबरोबर तीर्थयात्रेत, पायी हिंडण्यात गेले; त्यांस आपले म्हणावे असे गाव नव्हते. त्यांनी केडगावास मुक्तिसदन वसविले, आणि उतारवयात इब्री व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले. ज्या शब्दांनी खेड्यातील अडाणी बाई बुजेल ते त्यांस नको होते. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या. ग्रंथ १९२४ साली पूर्ण छापून निघाला. जिला गाव नव्हते तिने हजारो निराधार स्त्रियांस राहावयास घर दिले, आणि देवाचे वचन ऐकावयास घरची भाषा दिली.

तेव्हा कोणी तुम्हांस ‘तुम्ही परके’ म्हटले तर वाद घालीत बसू नका. ज्या भाषेत तुमच्या आजीने ओव्या म्हटल्या त्याच भाषेत तुम्ही देवास बाप म्हणता, हे त्यास नम्रपणे सांगा. कोंकणातील बेने इस्राएल लोकांकडे पाहा. त्यांची प्रार्थना इब्री, परंतु घरची भाषा मराठी; आडनावे पेणकर, दिवेकर, राजपूरकर. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाल्यावर त्यांतील बहुतेक लोक तिकडे जाऊन राहिले. परंतु पेण मागे राहिले तरी पेणकर हे नाव समुद्रापलीकडे गेले, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालविले. उपासना निराळी झाली म्हणून माणूस आपल्या गावास मुकत नाही.

परंतु बंधूंनो, येथे सावध होणे अगत्याचे आहे. जी भाषा घर होते तीच कुंपणही होऊ शकते. शास्त्यांच्या बाराव्या अध्यायात इफ्ताहाच्या गिलादी लोकांनी यार्देनेचे उतार अडविले. पलीकडे जाऊ पाहणाऱ्यास ते ‘शिब्बोलेथ’ म्हणावयास लावीत. ‘श’ न साधून जो ‘सिब्बोलेथ’ म्हणे, त्यास तेथेच ठार मारीत. बेचाळीस हजार एफ्राईमी पडले. ते परके नव्हते. एकाच इस्राएलाचे लेक होते.

आपल्यात तरवार नाही, परंतु उतारावर बसणारे आहेत. कोणी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले की शहरातला भाऊ हसतो. एखादी वृद्ध बाई प्रार्थनेस उभी राहून ‘व्हतं’, ‘नव्हं’ असे बोलू लागली की मागच्या बाकावर कुजबूज होते, आणि पुढच्या रविवारी ती मुकाट्याने बसून राहते. प्रियजनहो, पाणी म्हणा की पानी म्हणा, तहान एकच असते. शोमरोनी बाईपाशी प्रभूने पाणी मागितले तेव्हा तिच्या उच्चाराची परीक्षा केली नाही.

आपल्या मराठीस देवाने एक असा विशेष दिला आहे की तो इंग्रजीत नाही आणि ग्रीक भाषेतही नाही. ‘आम्ही’ व ‘आपण’ हे आपले दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. यामुळे भाषांतरकारांस ठिकठिकाणी विचार करावा लागतो. तुफानात शिष्यांनी निजलेल्या प्रभूस उठविले तेव्हा त्यांच्या मनात ‘आम्ही बुडतो’ असे होते की ‘आपण बुडतो’ असे? ग्रीक शब्दावरून ते कळत नाही. परंतु प्रभू नावेतच होता, हे आपणांस ठाऊक आहे.

आता प्रत्येकाने स्वतःस विचारावे : मंडळीत नवीन माणूस आला असता मी ‘आमची मंडळी’ म्हणतो की ‘आपली मंडळी’? वीटभट्टीवर बिहाराकडून आलेले कुटुंब, सातपुड्यातून आलेला भिल्ल मजूर, ऊसतोडीस बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेली माणसे, ही आपल्या वेशीशी महिनोन्‌महिने राहतात. त्यांची भाषा वेगळी, हेल वेगळा. त्यांस ‘आपण’ या शब्दात जागा आहे काय? ज्यांस स्वतःस एकदा ‘तुम्ही इकडचे नाही’ हे ऐकावे लागले, त्यांनी तरी ते दुसऱ्यास ऐकवू नये.

म्हणून मंडळीच्या सेवकांस व शिक्षकांस माझी तीन विनंत्या करण्याची इच्छा आहे. एक, प्रार्थनेत कोणाची बोली सुधारू नका. शाळेत शुद्ध लिहावयास शिकवा, परंतु देवापुढे माणसास त्याच्या तोंडाने बोलू द्या. दोन, मुलांस इंग्रजी अवश्य शिकू द्या. ती विद्या आहे व पोटासही उपयोगी आहे. परंतु घरी दररोज एक अध्याय मराठीत मोठ्याने वाचवून घ्या. नहेम्याच्या काळी अर्धी मुले अश्दोदी बोलत व त्यांस यहूदी भाषा येत नसे. नहेम्याने रागाने बापांचे केस उपटले. तो उपाय आपण करू नये. मांडीवर घेऊन वाचणे हा उपाय अधिक चांगला आहे. नाहीतर नातू व आजी एकाच छपराखाली राहून एकमेकांस प्रार्थनेत भेटणार नाहीत. तीन, परभाषेचा मनुष्य उपासनेस आला तर त्यास त्याच्या भाषेत एक स्तोत्र म्हणावयास सांगा. आपणांस शब्द कळले नाहीत तरी चालेल. आपल्यासाठी येथे जागा आहे, हे त्यास कळेल.

कोणी म्हणेल, आपले खरे नागरिकत्व स्वर्गात आहे. मग गाव व भाषा यांची एवढी चिंता कशास? परंतु ज्या फिलिप्पैकरांस पौलाने स्वर्गातील नागरिकत्व सांगितले, त्यांस तो ‘ख्रिस्तात’ असलेले आणि ‘फिलिप्पैत’ असलेले, असे दोन्ही ठिकाणचे मानितो. आणि प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात राजासनापुढे जो अगणित समुदाय उभा आहे, त्यात सर्व भाषा बोलणारे आहेत. तेथेही देवाने भाषा पुसून टाकिल्या नाहीत. त्या समुदायात आपल्या खेड्यातील बोली बोलणाराही असेल, आणि वीटभट्टीवरचा भाऊही असेल. तेथे त्याच्या शेजारी उभे राहावयाचे आहे. तर येथे त्याच्या शेजारी बसावयास आजपासून शिकावे.

नासरेथकर प्रभू येशू आपल्या जिभेस गोडवा देवो, आपले दार मोकळे ठेवो, आणि आपणां सर्वांस एका पित्याच्या घरी आणून पोहोचवो. आमेन.