एका मृत्यूचा हिशेब

उद्या सगळ्यांचा उद्धार होणार असेल, तर त्यासाठी आज एका माणसाचा जीव घेणं क्षम्य ठरतं का? धर्मचिंतनातला हा जुना प्रश्न मायकेल शेबॉन यांनी २००७ मध्ये एका रहस्यकथेत मांडला. ‘द यिडिश पोलिसमेन्स युनियन’ या कादंबरीत इतिहासच वेगळा घडला आहे. युरोपातल्या निर्वासित ज्यूंना अलास्कात वसवण्याचा प्रस्ताव १९४० च्या सुमारास अमेरिकेत खरोखर आला आणि बारगळला. शेबॉन तो अमलात आला असं कल्पितात. त्यांच्या जगात इस्रायल १९४८ मध्येच कोसळतं, आणि सिट्का इथली ज्यूंची वस्ती ६० वर्षांची मुदत संपत आल्यामुळे पुन्हा बेघर व्हायच्या बेतात असते.

तिथल्या एका कळकट हॉटेलात एका व्यसनी माणसाचा खून होतो. तो निघतो एका कर्मठ पंथाच्या धर्मगुरूचा मुलगा. लहानपणी त्याचे आशीर्वाद फळत, म्हणून या पिढीचा मसीहा तोच, अशी अनेकांची श्रद्धा होती. अश्रद्ध पोलीस अधिकारी मायर लँड्समन तपास करत मसीहाच्या आगमनासाठी रचलेल्या जेरुसलेमच्या कटापर्यंत पोचतो: ‘डोम ऑफ द रॉक’ ही मुस्लिमांची पवित्र वास्तू उद्ध्वस्त करून तिथे ज्यूंचं मंदिर उभारायचं. अद्भुताचं महत्त्व इथे कळतं. ते आशीर्वाद थोतांड ठरले असते, तर कटवाल्यांना वेडे म्हणून आपण मोकळे झालो असतो. शेबॉन ही सोय देत नाहीत. तो माणूस खरोखर मसीहा असू शकला असता, तरीही लँड्समनचा प्रश्न बदलत नाही: याला मारलं कोणी?

काल्पनिक अलास्कात खरा पॅलेस्टाइन हरवतो, असा आक्षेप घेता येईल. पण सिट्का ही त्लिंगिट आदिवासींची भूमी आहे. आसरा शोधत आलेले लोकही दुसऱ्याच्या जमिनीवर उभे असतात, हे वाचकाला आपली बाजू ठरवण्याआधीच दिसतं. एक खुनी सापडल्याने राजकीय हिंसा थांबत नाही, हा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. लँड्समनचा तपासही कट रोखू शकत नाही. तरी त्या तपासाचं मोल कमी होत नाही. पवित्र ध्येयाच्या नावाने होणारी हिंसा मेलेल्यांना अटळ किंमत म्हणून खर्ची टाकते. रहस्यकथा प्रत्येक मृत्यूचं कारण शोधते आणि जबाबदार माणसाला नावानिशी उभं करते. ही शिस्त मला धर्माइतकीच गंभीर वाटते, कारण उद्धाराचं वचन खरं ठरलं तरी त्यासाठी मारल्या गेलेल्या माणसाला उत्तर देणं बाकीच राहतं.