पापणी कोण मिटवतं?



आजचं चिंतन : गीता, अध्याय ५, श्लोक ८ आणि ९

पाहणं, ऐकणं, चालणं, झोप, श्वास... भगवंत इथे रोजच्या क्रियांची यादीच देतात. तत्त्व जाणणारा माणूस हे सगळं करतानाही 'मी काहीच करत नाही' असं मानतो, असं ते सांगतात. यादीत सगळ्यात शेवटी काय आहे माहितीये? पापणीची उघडझाप!

मी या शब्दावर नेहमी थांबते, कारण माझी डावी पापणी आपोआप पूर्ण मिटत नाही. मला कुष्ठरोग झाला होता. त्याचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. तो त्वचेत आणि नसांमध्ये राहतो. चेहऱ्याची नस दुखावली की पापणी अर्धीच मिटते. बुबुळाची संवेदना गेली, तर डोळ्यात कचरा गेलेलाही कळत नाही. जपलं नाही तर दृष्टीही जाऊ शकते. मी १२ महिने एमडीटीच्या गोळ्या घेतल्या, त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. रोग बरा झाला. पापणी मात्र आठवणीनं, मुद्दाम मिटावी लागते.

नात्यातल्या एक काकू म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं पाप असेल गं." कर्मसिद्धांत मानणाऱ्या आपण यावर काय म्हणायचं?

मला उत्तर याच श्लोकात दिसतं. स्वतःची पापणीसुद्धा 'मी मिटवतो' असं ज्याला म्हणता येत नाही, त्यानं दुसऱ्याच्या जन्मोजन्मीचा हिशोब कुठून मांडायचा? कर्माचा विचार स्वतःला सुधारण्यासाठी आहे, शेजाऱ्याला तोलण्यासाठी नाही. पुढे १८व्या श्लोकात तर विद्वान ब्राह्मण आणि समाजानं दूर लोटलेला माणूस, दोघांकडे सारख्याच नजरेनं पाहायला सांगितलंय.

असं पाहणारी माणसं आपल्या नागपूरजवळच होऊन गेली. संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग झाला, तेव्हा गांधीजींनी त्यांना सेवाग्राम आश्रमात ठेवून घेतलं. स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केली. पाप-पुण्य मोजत बसले नाहीत.

मग 'मी काहीच करत नाही' म्हणून स्वस्थ बसायचं का? मुळीच नाही. डॉक्टरांनी सांगितलेला डोळे मिटण्याचा व्यायाम मी रोज करते, थेंब घालते. ते माझं कर्तव्य. पण तुमच्या डोळ्यांत दिवसभर जे न सांगता घडतं ना, ती त्याची कृपा आहे.

आजचा संकल्प : कुणाच्या आजाराला पापाचं नाव देणार नाही. आणि अंगावर बधिर चट्टा दिसला, तर लपवणार नाही, डॉक्टरांना दाखवेन.

राम कृष्ण हरी!