स्वीकार कोणी कोणाला सांगावा?

बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे. देशभर ती ‘निम्हान्स’ या नावाने ओळखली जाते. एके काळचे मनोरुग्णांचे सरकारी इस्पितळ आणि १९५४ साली सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांचे १९७४ मध्ये एकत्रीकरण होऊन ती आकाराला आली. या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. तीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे आढळले. विकारागणिक पाहता ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. परंतु एवढ्यावरून आपण निश्चिंत राहावे असे नाही.

याच संस्थेच्या चिकित्सा-मानसशास्त्र विभागात चिंता, नैराश्य आदी दुखण्यांवरील ज्या मानसोपचारांचा अभ्यास होत आला आहे, त्यांत सजगता आणि स्वीकार या दोन तत्त्वांवर उभारलेले उपचारही आहेत. सजगतेसाठी वापरला जाणारा ‘माइंडफुलनेस’ हा शब्द आता आपल्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही रुळला आहे. ‘स्वीकार’ हा शब्द मात्र ख्रिस्ती माणसाला मुळीच नवा नाही. आजारपण, मृत्यू, अपेक्षाभंग, अशा प्रत्येक प्रसंगी तो आपल्या मंडळीत उच्चारला जातो. शब्द घरचा असला की तो पारखून घेण्याचे राहून जाते. मानसशास्त्रज्ञ ज्याला स्वीकार म्हणतात आणि सांत्वनाला आलेले लोक ज्याला स्वीकार म्हणतात, त्या दोन गोष्टी एकच आहेत काय? आणि दुःखी माणसाला ‘स्वीकार कर’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

प्रथम शास्त्राचे म्हणणे पाहू. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्याने सांगितले की पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर समोरची घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. इतकेच नव्हे, तर नंतर त्याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिली, तेव्हा तो विचार त्यांच्या मनात अधिकच उसळून आला. ज्यांनी तो आधी दाबला नव्हता, त्यांना तो इतका आला नाही. मनातले भय, लाज वा दुःख बळाने हाकलू पाहणारा माणूस असाच स्वतःच्या दाराशी पहारा करीत बसतो आणि दमून जातो.

यावरचा मार्ग नव्या उपचारांनी दाखवला तो असा : विचाराशी झगडू नये, तो आला आहे हे पाहावे. ‘मी निरुपयोगी आहे’ आणि ‘मी निरुपयोगी आहे असा विचार माझ्या मनात आला आहे’ या दोन वाक्यांत थोडेच अंतर आहे. पण त्या अंतरात माणसाला श्वास घेता येतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्यांनी पिडलेल्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघांनी ती पद्धत पुनःपुन्हा नैराश्यात जाणाऱ्या रुग्णांसाठी घडवली. स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘स्वीकार आणि वचनबद्धता’ उपचाराचे पुस्तक १९९९ साली आले. या शेवटच्या नावातला दुसरा शब्द विसरता कामा नये. जे टळत नाही ते मनात येऊ द्यावे आणि तरीही जे आपणास मोलाचे वाटते त्या दिशेने पाऊल टाकावे, अशी त्या उपचाराची मांडणी आहे. पाऊल न टाकता केलेला स्वीकार तेथे अपुरा मानला जातो.

याचा उपयोग होतो काय? होतो, पण जाहिराती सांगतात तितका नव्हे. टीसडेल व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नैराश्याचे तीन वा अधिक झटके येऊन गेलेल्या रुग्णांपैकी नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ६६ टक्क्यांना, तर त्यांच्या जोडीला हा अभ्यासक्रम करणाऱ्यांत ३७ टक्क्यांना विकाराने पुन्हा गाठले. ज्यांना दोनच झटके आले होते त्यांना मात्र लाभ दिसला नाही. पुढे २०१४ साली ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा बेताचा गुण येतो. पण व्यायाम, औषधे वा अन्य मानसोपचार यांहून ते सरस असल्याचा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांना सरसकट सजगता शिकवून पाहिली, तेव्हा नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक लाभ दिसला नाही, असे २०२२ साली जाहीर झाले. औषध चांगले आहे, ते पेढे नव्हेत.

ही विद्या बौद्ध परंपरेतून आली, मग ख्रिस्ती माणसाने ती घ्यावी काय, हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. इगतपुरीचे विपश्यना केंद्र मराठी मुलखातच आहे, आणि लोणावळ्याच्या ‘साधना’ संस्थेत येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी श्वासाकडे आणि शरीराच्या संवेदनांकडे लक्ष देत प्रार्थनेत शिरण्याची वाट कित्येकांना दाखवली. त्यांच्या निधनानंतर ११ वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांविषयी सावधगिरीची सूचना दिली, हेही खरे. माझ्या मते श्वास मोजण्यात श्रद्धेला धोका नाही. धोका असलाच तर तो ‘स्वीकार’ या शब्दाच्या गैरवापरात आहे, आणि तो गैरवापर बौद्धांनी नव्हे, आपणच अधिक केला आहे.

नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला आपल्या वडीलधाऱ्यांनी ‘हा तुझा क्रूस आहे, बाई’ असे किती वेळा सांगितले असेल! मूल गमावलेल्या आईला दफनविधीच्या दिवशीच ‘देवाची इच्छा’ म्हणून डोळे पुसायला लावले जाते. झोप उडालेल्या, अन्नावरची वासना गेलेल्या तरुणाला ‘विश्वास कमी पडतो’ असे ऐकावे लागते. आणि मग तो डॉक्टरकडे जात नाही, कारण जाणे म्हणजे अविश्वासाची कबुली, असे त्याला वाटू लागते. या प्रत्येक ठिकाणी स्वीकाराचा उपदेश करणारा आणि तो सोसणारा या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. उपदेश करणाऱ्याला त्यासाठी काहीच मोजावे लागत नाही; उलट, स्त्री गप्प बसली की घरातली कटकट मिटते आणि मंडळीची अब्रूही झाकली जाते.

मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीची कहाणी येथे फार बोलकी आहे. आत्मघाताकडे ओढ घेणाऱ्या रुग्णांसाठी तिने एक उपचारपद्धती घडवली आणि ‘समूळ स्वीकार’ हे तिचे एक सूत्र ठेवले. त्याच्या जोडीला बदलाचा आग्रहही ठेवला, कारण नुसता स्वीकार शिकवला तर ‘माझे दुःख असेच राहायचे’ असे रुग्णाला वाटते, आणि नुसता बदल सांगितला तर ‘माझे दुःख कोणाला कळलेच नाही’ असे वाटते. २०११ साली तिने जाहीरपणे सांगितले की १७ व्या वर्षी ती स्वतः मनोरुग्णालयात होती, स्वतःला इजा करीत होती. पुढे १९६७ मध्ये शिकागोतील एका कॅथलिक प्रार्थनालयात क्रूसाकडे पाहत असता आपल्यावर कोणी प्रेम करीत आहे असे तिला उमगले आणि स्वतःविषयीचा तिटकारा ओसरला. ही ओळख तिला कोणी उपदेशाने करून दिली नव्हती. तिचे आयुष्य घडवणारा तो स्वीकार तिचा स्वतःचा होता.

पवित्र शास्त्र याहून वेगळे सांगते काय? गेथशेमाने बागेत प्रभूने प्याला दूर व्हावा अशी विनंती केली, आणि एकदा करून तो थांबला नाही. मत्तय सांगतो की त्याने तीनदा प्रार्थना केली. पौलानेही आपल्या देहातील काट्याविषयी तीनदाच विनवले. म्हणजे स्वीकाराच्या आधी मागणे आहे, घाम आहे, नकारही आहे. स्तोत्रकर्ता तर देवाशी सरळ भांडतो. मानसोपचारातला स्वीकार कोणाला उद्देशून नसतो, आपला असतो. म्हणूनच त्यात तक्रारीलाही जागा आहे. ती जागा काढून घेतली तर उरतो तो विश्वास नसून मुकाट्याने सोसणे होय.

योहानकृत शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय मला या बाबतीत फार विचार करायला लावतो. त्याच्या अकराव्या वचनात येशू पित्याने दिलेला प्याला घेण्यास सिद्ध होतो. पुढे बाराच वचनांनी, हन्नासमोर चौकशी चालू असता एक शिपाई त्याला चपराक मारतो, तेव्हा तो त्या शिपायाला विचारतो, की मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नाही तर मारतोस का? ज्याने प्याला स्वीकारला त्याने चपराक विनाप्रश्न स्वीकारली नाही. दोन्ही एकाच रात्री, एकाच मुखातून. दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा कोणी मला येथे आठवून देईल. ती आज्ञा मला माझ्या गालाविषयी आहे. दुसऱ्याचा गाल धरून मारणाऱ्यापुढे करण्याची मुभा ती देत नाही.

या संदर्भात युगांडातील एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. दक्षिण सुदानमधून जीव घेऊन पळालेल्या सुमारे ७०० निर्वासित स्त्रियांवर जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेला, स्वीकार-उपचारावर आधारलेला एक छोटा अभ्यासक्रम वापरून पाहिला गेला आणि २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतरही त्या स्त्रियांचा मानसिक त्रास तुलनेने कमी दिसला. युद्ध त्यांच्या हाती नव्हते, गेलेली माणसे परत येणार नव्हती. तरी त्यांना ‘युद्ध मान्य करा’ असे कोणी म्हटले नाही. मनात उठणारी वेदना येऊ द्या, आणि आज मुलांसाठी, शेजारणीसाठी जे करता येईल ते करा, असे त्या शिकवणीचे स्वरूप होते. वेदना मान्य करणे आणि वेदना देणाऱ्याला मान्यता देणे यांतला भेद तेथे पाळला गेला. आपल्या मंडळीत तो पाळला जातो काय, हे ज्याने त्याने आपल्या गावचे पाहून ठरवावे.

ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांची चूक झाली ती आठव्या दिवसापासून, उपदेश सुरू केला तेव्हा. पाळकांनी, वडिलांनी आणि भगिनीमंडळांनी हे सात दिवस शिकून घ्यावेत असे वाटते. आणि दुखणे बसून ऐकण्यापलीकडचे असेल, जिवाला धोका दिसत असेल, तर रुग्णाला डॉक्टरकडे नेण्यास विलंब करू नये. निम्हान्सच्या मार्गदर्शनाखाली सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलिमानस’ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतही बोलता येते. उपासनेच्या वेळा ज्या फलकावर लिहिल्या जातात, त्याच फलकावर हा क्रमांक लिहायला फारशी जागा लागणार नाही.