गंधक किती, सेलेनियम किती

राजवाडा परिसर, तंजावूर

चि. नातीस,

प्रकल्पासाठी खगोलशास्त्र हवं होतं आणि वाट्याला त्रिघटकी अर्धवाहक स्फटिक आले, म्हणून तू हिरमुसलीस. मला मात्र मनापासून आनंद झाला.

तुझा स्फटिक कॅडमियम, गंधक आणि सेलेनियम यांचा. नुसतं कॅडमियम सल्फाइड पिवळं, तर सेलेनाइड जवळजवळ काळं. दोन्ही एकमेकांत हव्या त्या प्रमाणात मिसळतात. गंधकाच्या जागी सेलेनियम वाढत गेलं की पिवळ्याचा नारिंगी होतो, मग लाल. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात जायला ठरावीक ऊर्जा लागते. तेवढी किंवा त्याहून अधिक ऊर्जा असलेला प्रकाश स्फटिक शोषून घेतो, बाकीचा आपल्यापर्यंत येतो. ही ऊर्जा, म्हणजेच ऊर्जा-अंतर, सल्फाइडला साधारण २.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागते, सेलेनाइडला १.७४. १२४० ला या आकड्यांनी भाग, म्हणजे जिथे शोषण थांबतं त्या कडेची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळेल: एकाची ५१२, दुसऱ्याची ७१३. प्रयोगशाळेतल्या नारिंगी-लाल काचेच्या फिल्टरांत पुष्कळदा हेच मिश्र स्फटिक अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असतात.

आता खरी गंमत. निम्मं-निम्मं मिश्रण घेतलंस तर मधला आकडा, २.०८, यावा असं वाटतं. प्रत्यक्षात त्याहून कमी येतो. प्रमाण आणि ऊर्जा यांचा आलेख सरळ न जाता मध्ये खाली झुकतो. गंधकाचा अणू लहान, सेलेनियमचा मोठा. जाळीत कुठे कोण बसेल याचा नेम नाही, त्यामुळे बंधांची लांबी जागोजागी बदलते. दोन शुद्ध स्फटिकांत जे मुळीच नव्हतं ते मिश्रणात उपजतं, आणि म्हणूनच प्रत्येक नमुना मोजावाच लागतो. नुसत्या रंगावर विसंबू नकोस. तोच नमुना द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत थंड केलास तर ऊर्जा-अंतर वाढेल आणि रंग पिवळ्याकडे सरकेल. प्रमाण तेच, दिसणं वेगळं.

म्हणून प्रत्येक मोजमापाची नीट नोंद हवी, आणि नोंदी म्हटलं की मला तंजावूरचे सरफोजीराजे आठवतात. १७९८ ते १८३२ हा त्यांचा राज्यकाळ. त्याच वर्षांत म्युनिककडे फ्राउनहोफर सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा मोजत होता, आणि १८१७ साली जर्मनीतच श्ट्रोमायरला कॅडमियम सापडलं. इकडे तंजावुरात श्वार्ट्झ पाद्र्याच्या हाताखाली शिकलेला हा भोसले राजा देशोदेशींचे ग्रंथ गोळा करत होता आणि डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार करवत होता. त्या रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं आणि उपचारांच्या नोंदी इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. डोळा आधी कसा होता, काय केलं, मग काय झालं, हे सगळं कागदावर. मोतीबिंदूच्या त्या चित्रांचं मला सिंहासनापेक्षा अधिक मोल वाटतं. आपल्या तंजावरी मराठी घरांत लढायांच्या आणि वंशावळीच्या गोष्टी सांगतात, या नोंदींच्या फारशा नाहीत, याची खंत आहे.

तुझ्या वहीत तसंच व्हायला हवं. आलेखाशेजारी नमुन्याची जाडी, तापमान आणि प्रमाण लिहिलेलं नसेल तर वर्षाने तो आलेख तुलाच उमगणार नाही.

आणि प्रमाण एकाच वाटेने ठरवू नकोस. शेजारच्या तिरुचिरापल्लीत जन्मलेल्या रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात शोधलेला परिणाम तुझ्या कामाचा आहे. तुझ्या स्फटिकावर लेझर टाकलास तर विखुरलेल्या प्रकाशात दोन मुख्य शिखरं दिसतील. शुद्ध सल्फाइडचं सेंटिमीटरमागे ३०५ च्या आसपास असतं, सेलेनाइडचं २१० च्या आसपास. मिश्रणात दोन्ही राहतात, पण प्रमाणानुसार सरकतात आणि त्यांची उंची बदलते. शोषणाच्या कडेवरून एक प्रमाण काढ, या शिखरांवरून दुसरं. दोन्ही जुळली नाहीत तर नमुना सगळीकडे सारखा मिसळला आहे का ते पाहा. स्फटिकाच्या दोन्ही टोकांवर आणि मध्ये, तीन ठिकाणी मोज. ते तिन्ही आलेख मला पाठव.

तुझा आजोबा