खिशात राहिलेली बी (गीता, अध्याय ३, श्लोक १२)

॥ श्रीहरि ॥

देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो तो चोर, असं भगवंत आजच्या श्लोकात सरळ म्हणतात. इतकी वर्षं मी याचा अर्थ "जेवणाआधी नैवेद्य दाखवा" एवढाच घेत होतो. सोपं आहे, दोन मिनिटांत होतं.

डिसेंबरात आम्ही कुमाऊँला बिनसरला गेलो होतो. अल्मोड्याजवळचं हे जंगल १९८८ पासून अभयारण्य आहे. वर झिरो पॉइंटहून नंदादेवी, त्रिशूळ दिसतात. पण माझं मन रमलं खालच्या ओकच्या रानात. तिकडे त्याला बांज म्हणतात. पानं वरून हिरवी, खालून पांढरट, वारा आला की सगळं झाड रंग बदलतं. खाली टोप्या घातलेल्या बिया पडल्या होत्या. लेकीने मूठभर गोळा केल्या. गाईड म्हणाला, "भाईसाब, यहाँ से कुछ ले जाना मना है." मी मनात म्हटलं, हजारो पडल्यात, दोन-चार नेल्या तर काय! पण कायदा आहे, आणि त्या बियांवर अस्वल, लंगूर, पाखरं जगतात. ठेवल्या परत.

रात्री मुक्काम अभयारण्यातल्याच एका गावात, होम-स्टेला. घरच्या काकू रानडुकरांना मनसोक्त शिव्या देत होत्या. गहू राहत नाही, बटाटा राहत नाही, अर्धी शेतं पडीक. मला वाटलं, आता जंगलालाही शिव्या देणार. तर नाही! त्यांच्या नौल्याचं, म्हणजे झऱ्याचं पाणी बांजामुळे टिकतं, चिडाच्या रानात झरे आटतात, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे जंगल हवंय, आणि त्याची किंमतही त्याच मोजतायत.

मग मी काय मोजलं? गेटवरची पावती. मी ऑफिसमध्ये दिवसभर कुणाच्या खात्यातून किती गेलं याचाच कोड लिहितो, त्यामुळे हा हिशोब डोक्यातून जाईना. गाईडने मला बियांसाठी हटकलं. पण तीन दिवसांची हवा, शांतता, ते पाणी, जे मी काकूंच्या पडीक शेतांच्या जोरावर भोगलं, त्यासाठी कुणीच हटकलं नाही. श्लोकातले देव इथे कोण? परत द्यायचं ते कुणाला? खोलीभाड्यावर थोडे जास्त ठेवून आलो. काकूंनी घेतले, हसल्या. पण फिटलं असं काही वाटलं नाही.

पुण्याला आल्यावर लेकीच्या जॅकेटच्या खिशात एक बी निघाली. देवघरात ठेवलीय. परत पाठवावी म्हणत होतो, तेवढ्यात वाचलं की ही बी एकदा सुकली की उगवत नाही. आता ती हलवली की आत खुळखुळ वाजते.

उद्या श्लोक १३.