आधी उत्तर, मग पाणी

आजचे चिंतन : महाभारत, वनपर्व, यक्षप्रश्न



वनवासाची बारा वर्षे संपत आली होती. पांडव तहानेने व्याकुळ झाले होते. पाणी आणायला आधी नकुल गेला, मग सहदेव, अर्जुन आणि शेवटी भीम. तळ्याकाठी यक्षाने प्रत्येकाला बजावले, "आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे दे, मग पाणी पी." चौघांनीही ऐकले नाही. पाणी प्याले आणि तिथेच कोसळले. धर्मराज मात्र थांबला. तहान त्यालाही तेवढीच होती, बरं का!

यक्षाने विचारले, सुखी कोण? त्याच्या उत्तराचा भावार्थ असा : ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, ज्याला घर सोडून राहावे लागत नाही आणि जो दिवस कलल्यावर का होईना, आपल्या घरी नुसती भाजी शिजवून खातो, तो सुखी.

हे कोण सांगतोय बघा. ज्याने द्यूतात राज्य लावले, भाऊ लावले, द्रौपदीसुद्धा लावली, तो! तिला विचारले होते का? नाही. पण वनवास तिलाही भोगावा लागला.

इथे मला माझीच गोष्ट आठवते. वास्तुशांतीला मोठी पंगत घालायची हौस. लोक काय म्हणतील ही धास्तीही होतीच. ओळखीच्या एका गृहस्थांकडून ५०,००० रुपये घेतले, शेकडा तीनने. तीन हा आकडा कानाला किती लहान वाटतो! पण तो महिन्याचा. म्हणजे वर्षाला ३६ टक्के. दरमहा १,५०० रुपये व्याज भरत राहिलो. दोन वर्षांत ३६,००० रुपये गेले आणि मुद्दल जागच्या जागी!

खरी किंमत तर वेगळीच होती. घरात काही सांगितले नव्हते. मुलीच्या क्लासची फी थकली, तेव्हा "पगार उशिरा झाला" असे खोटे बोललो. ते गृहस्थ एकादशीच्या भजनाला येत, म्हणून मी भजनाला जायचेच सोडले. व्याज पैशाचे होते, पण फेडताना आधी सत्य गेले, मग देवाचे दार.

शेवटी हिला कळले. ती ओरडली नाही. पाटल्या मोडून कर्ज फेडले आणि एवढेच म्हणाली, "मला विचारलं असतं, तर घरच्यांपुरता शिरा-पुरी केली असती."

धर्मराजाची घरची भाजी मला त्या दिवशी समजली.

म्हणजे कर्ज काढूच नये का? तसे नाही. पुढे मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी आम्ही बँकेचे कर्ज काढले. त्या वेळी सगळे एकत्र बसलो, हप्ता वहीत मांडला आणि मगच सही केली. ते कर्ज फिटले आणि मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिली. पाणी वाईट नव्हतेच मंडळी, उत्तर न देता पिणे वाईट होते.

म्हणून सही करण्याआधी यक्षाला उत्तरे द्या. व्याज महिन्याचे की वर्षाचे? शेवटपर्यंत एकूण किती जाणार? व्याज उरलेल्या मुद्दलावर की पहिल्या रकमेवर? एक लाखावर तीन वर्षांसाठी "फक्त १० टक्के" व्याज पहिल्या रकमेवर लावले, तर हप्ता साधारण ३,६११ रुपये येतो आणि खरा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. कारण फेडलेल्या पैशावरही आपण व्याज देत राहतो. घेतलेली वस्तू हप्ते संपेपर्यंत टिकेल का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न : घरात माहीत आहे का? सही एकाची असते, फेडते अख्खे घर.

आज डोक्यावर कर्ज असेल, तर लपवू नका. आज रात्री जेवताना घरात सांगा. फेडीची सुरुवात तिथूनच होते.

पांडुरंगा, तहान लागली असतानाही थांबायची बुद्धी दे.

॥ राम कृष्ण हरी ॥