मूळ चित्रपट कोणता?

एखाद्या भयपटाची नवी आवृत्ती निघाली की वाद ठरलेला असतो : मूळ चांगला की नवा? केजमध्ये आम्हीही हा वाद घातला. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' २०१७ साली चित्रपटगृहांत आला. त्यांनीच तो २०२१ साली हिंदीत 'छोरी' या नावाने पुन्हा केला. गोष्ट तीच. कर्जवाल्यांच्या धाकाने शहरातून पळालेले जोडपे, गरोदर बायको, आणि त्यांना उसाच्या फडातल्या आपल्या घरी आणणारा ड्रायव्हर. घरची बाई मायेने खाऊपिऊ घालते. उसात लेकरे लपाछपी खेळताना दिसतात. भुताहून भयंकर काय, ते हळूहळू उलगडते : पोटातली मुलगी नको म्हणणारी रीत.

मग फरक कुठे पडला? 'लपाछपी'तली उषा नाईक यांची तुळसाबाई आमच्याच बोलीच्या जवळचे बोलते. ती शेजारच्या वाड्यातली वाटते, म्हणून तिची भीती वाटते. 'छोरी'त मीता वशिष्ठ यांनी तीच भूमिका ताकदीने केली आहे; पण बोली उत्तरेकडची, वेश तिकडचा. पाहताना आम्ही थोडे सैलावलो. हे तिकडचे आहे, असे मनाने परस्पर ठरवून टाकले. ही चूक चित्रपटाची नाही, आमच्या मनाची आहे. वाईट गोष्टीला दुसऱ्याचे कपडे घातले की ती आपली राहत नाही, असे आपण समजतो.

जपानचा 'रिंगू' १९९८ साली आला आणि अमेरिकेने २००२ साली त्याचा 'द रिंग' केला. तिथे बाप मुलीला विहिरीत ढकलतो, इथे आई. देश बदलला, माणसे बदलली. विहीर आणि विहिरीतली मुलगी तशीच राहिली. कुठल्याही देशात प्रेक्षक त्या मुलीला भितो. तिला ढकलणाऱ्या हाताला कोणी भीत नाही.

आमच्या जिल्ह्यात तर ऊस हे भयपटाचे नेपथ्य नाही, जगणे आहे. दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा इथला हिशेब. याच बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २००१ साली त्या ८९४ होत्या. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, परळीचे गर्भलिंगनिदान आणि गर्भपाताचे प्रकरण उघडकीस आले. पडद्यावरच्या दोन्ही गोष्टी नकला आहेत. अस्सल इथे घडले.

'आपल्यात असले काही नसते,' हे वाक्य मात्र आम्ही आपल्या मोहल्ल्यांत फार ऐकतो. इस्लामपूर्व अरबस्तानात मुलींना जिवंत पुरत. सूरह तकवीरमध्ये कयामतच्या दिवसाचे वर्णन आहे; त्या दिवशी पुरलेल्या मुलीलाच विचारले जाईल की तिला कोणत्या गुन्ह्यासाठी मारले. हे आम्ही अभिमानाने सांगतो आणि जाहिलियाचा काळ संपला म्हणून निर्धास्त होतो. पण जाहिलियासुद्धा नव्या आवृत्तीत येते. वाळूची जागा सोनोग्राफीच्या यंत्राने घेतली, तेव्हा तिने कोणाचा धर्म विचारला नाही.

आणि जी जन्मते, तिचे काय? मुलगा झाला की पेढे आणि तिसरी मुलगी झाली की 'अल्लाह की मर्जी' म्हणत उसासा, हे कोणत्या घरात ऐकले नाही? कुरआनने लेकीला वारसाहक्क दिला. बाप गेल्यावर तिला तहसिलात नेऊन हक्कसोडपत्रावर सही आपणच घेतो. 'बहिणीने खुशीने सोडले,' असे वर सांगतोही. तिने सही केली नाही तर माहेरचे दार बंद होईल, हे तिला आणि आपल्याला, दोघांनाही माहीत असते.

म्हणून मूळ चांगला की नवा, हा वाद आम्ही आता सोडला आहे. तुळसाबाई पाहताना जशी धास्ती वाटली, तशी आपल्या घरचा सातबारा वाचताना वाटते का, एवढेच आम्ही स्वतःला विचारतो. त्यावर भावांची नावे असतात. बहिणीचे नाव कुठे गेले, हे विचारणारे आज कोणी नसले तरी एक दिवस विचारले जाणार आहे, असा आपला ईमान आहे. तो खरा असेल तर उत्तराची तयारी आजच करायला हवी.